व्हायरसबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न, आणि जमतील तेवढी सरळ उत्तरं

हे सगळे प्रश्न खरंच परत परत येतात, काही तर आठवड्यातून दोनदा, म्हणून एकदाच बसून लिहून टाकतेय. सुरुवातीचे सोपे आहेत, खाली जाल तसे भानगडीचे होत जातात. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय, तेच ते परत लिहीत नाही.

१. विषाणू आणि जिवाणू एकच ना? दोन्ही जंतूच की.

जंतू हा बोलीतला शब्द, त्यात दोन्ही येतात, पण आतून दोघांत काहीच सारखं नाही. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया, ती अख्खी पेशी असते, खाते, ऊर्जा तयार करते, स्वतःची प्रोटीनं स्वतः बनवते आणि दोन तुकडे होऊन वाढते. विषाणू म्हणजे व्हायरस, ती पेशी नाहीच. थोडासा डीएनए किंवा आरएनए, त्याभोवती प्रोटीनचं कवच ज्याला कॅप्सिड म्हणतात, आणि काहींना त्यावर चरबीचं एक पातळ आवरण, संपलं. प्रोटीन बनवायला रायबोसोम लागतो आणि तोच याच्याकडे नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या पेशीत घुसल्याशिवाय याचं काहीच चालत नाही. 'व्हायरस' हा मूळ लॅटिन शब्द विष या अर्थाचा, म्हणून मराठीत विषाणू.

२. व्हायरस किती लहान असतो? शाळेतल्या मायक्रोस्कोपखाली दिसेल का?

नाही दिसणार. साध्या मायक्रोस्कोपची मर्यादा साधारण २०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस ३० नॅनोमीटरचा, फ्लूचा साधारण १०० चा. तुलनेला ई. कोलाय हा बॅक्टेरिया बघा, तो लांबीला २००० च्या आसपास.

म्हणूनच व्हायरस आधी 'दिसला' नाही, आधी गाळणीतून निसटला. १८९२ मध्ये इव्हानोव्स्कीने रोगट तंबाखूच्या पानांचा रस बॅक्टेरिया अडवणाऱ्या गाळणीतून काढला तरी तो रस रोग पसरवतच होता. १८९८ मध्ये बायरिंकने तेच करून पाहिलं आणि सांगितलं की हा बॅक्टेरिया नाही, हे काहीतरी वेगळंच आहे, त्याच वर्षी लोफ्लर आणि फ्रॉश यांनी गुरांच्या लाळ्या-खुरकुतीबद्दल तेच दाखवलं. प्रत्यक्ष फोटो मिळायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला, म्हणजे १९३९ उजाडलं. अपवाद आहेत, जायंट व्हायरस साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसतात, ते प्रश्न १५ मध्ये.

३. शेवटी व्हायरस जिवंत की निर्जीव? एकच काय ते सांगा.

एकच सांगता येत नाही आणि मी टाळतेय म्हणून नाही. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्लीने तंबाखूच्या मोझॅक व्हायरसचे स्फटिक केले, मिठासाखरेचे करतात तसे, आणि ते स्फटिक पाण्यात विरघळवून पानाला चोळले की पान परत आजारी. पुढे १९४६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला दोघांबरोबर वाटून मिळालं. २००२ मध्ये तर पोलिओचा व्हायरस नुसत्या जीनोमच्या (जीनोम म्हणजे व्हायरसचा अख्खा डीएनए किंवा आरएनए) माहितीवरून, रसायनं जोडून, कुठलाही नमुना न घेता लॅबमध्ये तयार झाला. हे ऐकलं की वाटतं वस्तूच आहे. पण पेशीत शिरल्यावर तोच वाढतो, बदलतो, उत्क्रांत होतो, आणि हे वस्तूचं लक्षण नाही.

माझं मत विचाराल तर प्रश्नच जरा चुकीचा पडतो. बाहेर उडणारा कण म्हणजे व्हायरसचं बीज समजा आणि व्हायरसने ताबा घेतलेली पेशी हा त्याचा खरा संसार, मग गोंधळ बराच कमी होतो. परीक्षेत मात्र 'सजीव-निर्जीवाच्या सीमेवर' असंच लिहा, मार्क त्यालाच आहेत.

४. पेशीत शिरून तो नेमकं करतो काय?

आधी चिकटतो. पेशीच्या बाहेर जी प्रोटीनं किंवा साखरेचे रेणू असतात त्यातल्या एखाद्यावर त्याची किल्ली बसावी लागते, त्याला रिसेप्टर म्हणतात. एचआयव्हीला सीडी४ लागतं, कोविडच्या व्हायरसला एसीई२. मग तो आत जातो, कवच उघडतं, जीनोम मोकळा होतो आणि पेशीचे रायबोसोम बिचारे आलेल्या मेसेजप्रमाणे प्रोटीनं छापत बसतात, मेसेज कोणाचा ते त्यांना कळतच नाही. एकीकडे जीनोमच्या झेरॉक्स निघतात, दुसरीकडे कवचाचे सुटे भाग तयार होतात, ते आपोआप जुळतात आणि नवे कण बाहेर पडतात.

इथे एक फरक लक्षात घ्या, बॅक्टेरिया एकाचे दोन दोनाचे चार असा वाढतो, व्हायरस तसा दुभंगत नाही, तो आधी सुटा होतो आणि मग एकदम डझनांनी जुळून निघतो. टी४ नावाचा बॅक्टेरिया खाणारा व्हायरस अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात एका पेशीतून शंभरच्या वर कण काढतो आणि पेशी फुटते. सगळेच असं फोडत नाहीत, काही हळूहळू बाहेर पडत राहतात, काही गप्प बसतात, प्रश्न १३ बघा.

५. कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होतो का?

नाही, कुत्र्याचा पार्व्होव्हायरस माणसाला आजारी पाडत नाही. माणसाला होणारा पार्व्हो बी१९ वेगळा, कुल एक असलं तरी. कोणाला होणार हे मुख्यतः रिसेप्टरवर ठरतं (प्रश्न ४), पण हे दार कायमचं बंद असतं असं नाही. कुत्र्यांचा पार्व्हो मांजरांच्या तशाच व्हायरसपासून कवचातल्या मोजक्या बदलांनी तयार झाला आणि १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. उलट टोकाला रेबीज, त्याला जवळजवळ कुठलाही सस्तन प्राणी चालतो.

६. व्हायरसच्या वर्गीकरणाचे ते बाल्टिमोरचे सात गट पाठच होत नाहीत, काहीतरी लॉजिक सांगा.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि लॉजिक खरंच सुंदर आहे, पाठ करायची गरजच नाही.

एवढंच धरा: रायबोसोमला फक्त एकच भाषा वाचता येते, मेसेंजर आरएनए. म्हणजे व्हायरसच्या खिशात काहीही असो, पेशीत आल्यावर त्याला कसंही करून मेसेंजर आरएनएपर्यंत पोचायचंय. डेव्हिड बाल्टिमोरने १९७१ मध्ये एवढंच विचारलं, की कोण कुठल्या रस्त्याने पोचतं? तेव्हा रस्ते सहा निघाले, सातवा नंतर जोडला.

पहिला गट दोन धाग्यांच्या डीएनएचा, आपल्यासारखाच, सरळ मेसेंजर काढायचा. देवी, हर्पिस, अडेनोव्हायरस यातले. दुसरा एका धाग्याच्या डीएनएचा, तो आधी दुसरा धागा बनवतो आणि मग पुढे, पार्व्हो यातला. तिसरा दोन धाग्यांच्या आरएनएचा, लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरस. चौथा पॉझिटिव्ह आरएनए, म्हणजे जीनोम हाच मेसेंजर, आला की थेट वाचायला सुरुवात, पोलिओ, डेंग्यू, कोरोना सगळे इथे. पाचवा निगेटिव्ह आरएनए, उलटा ठसा, तो तसाच वाचता येत नाही आणि आपल्या पेशीकडे आरएनएवरून असा मेसेंजर छापायचं मशीन नसतं, त्यामुळे हे व्हायरस आपलं मशीन सोबत घेऊनच येतात, गोवर, रेबीज, फ्लू, इबोला. सहावा एचआयव्हीसारखे रेट्रोव्हायरस, आरएनएवरून उलटा डीएनए बनवतात, तो आपल्या डीएनएत शिवतात आणि मग तिथून मेसेंजर काढतात. सातवा हिपॅटायटिस बीचा, तो इतका विचित्र आहे की त्याला वेगळा प्रश्न दिलाय (१४).

चौथा आणि पाचवा यातला फरक कळला का ते तपासायला एक युक्ती: चौथ्या गटातल्या व्हायरसचा नुसता स्वच्छ आरएनए पेशीत सोडला तरी नवे व्हायरस तयार होऊ शकतात, पाचव्याचा सोडला तर काहीच होत नाही. का, ते वरच्या ओळींत आहे.

७. मग ऑर्डर, फॅमिली, रिअल्म हे काय? बाल्टिमोर बरोबर की हे?

दोन्ही बरोबर, कामं वेगळी. बाल्टिमोर सांगतो काम कसं चालतं, दुसरी पद्धत सांगते नातं कोणाशी. ही नात्यांची यादी आयसीटीव्ही नावाची आंतरराष्ट्रीय समिती ठेवते, तिची सुरुवात १९६६ ची. आधी फॅमिली, जीनस, स्पीशीज एवढंच असायचं, हळूहळू वरचे मजले चढत गेले आणि २०२० पर्यंत एकूण १५ पायऱ्या मान्य झाल्या, सगळ्यात वर रिअल्म. पायरी ओळखायला नावाची शेपटी बघायची: 'व्हिरिया' आलं की रिअल्म, 'व्हिरालीस' म्हणजे ऑर्डर, 'व्हिरिडी' म्हणजे फॅमिली, नुसतं 'व्हायरस' म्हणजे जीनस. कोविडचा पत्ता वरून खाली असा: रायबोव्हिरिया, निडोव्हिरालीस, कोरोनाव्हिरिडी, बीटाकोरोनाव्हायरस (मधल्या पायऱ्या गाळल्यात, कंटाळा आला).

(मराठी पुस्तकांत स्पीशीजला कुठे जाती म्हणतात कुठे प्रजाती, आणि प्रजाती म्हणजे काही ठिकाणी जीनस, त्यामुळे मी सरळ इंग्रजीच शब्द वापरतेय, माफी असावी.)

८. सगळे व्हायरस एकाच पूर्वजापासून आले ना, जसे सगळे प्राणी?

नाही! आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं अर्ध आपोआप सुटतं. झाड, माणूस, बॅक्टेरिया, सगळ्यांत रायबोसोम आहे, त्याची जीन्स जुळवून सगळ्यांचं एक झाड काढता येतं. व्हायरसमध्ये सगळ्यांत सापडेल असं एकही जीन नाही. म्हणजे 'व्हायरस' हे आडनाव नाही, तो धंदा आहे, वेगवेगळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे धरलेला. म्हणूनच एकच मोठं झाड न काढता वेगवेगळे रिअल्म करावे लागले, २०२१ पर्यंत सहा होते आणि ही यादी पुढेही बदलतेय.

ते आले कुठून यावर तीन तर्क आहेत: पेशीतून जीन्स पळाली, किंवा पूर्वी पेशी होती ती झिजत झिजत परजीवी झाली, किंवा पेशींच्याही आधीपासून स्वतःची नक्कल करणारे रेणू होते त्यांचे हे वंशज. सगळ्यांना एकच तर्क लागू व्हायलाच पाहिजे असं नाही, वेगळ्या घराण्याची गोष्ट वेगळी असू शकते.

९. हिपॅटायटिस ए, बी, सी, डी, ई हे एकमेकांचे भाऊ ना?

सख्खे सोडा, चुलतही नाहीत. पाच अक्षरं, पाच वेगळ्या फॅमिली. ए हा पोलिओच्या घरातला, पिकोर्नाव्हिरिडी. बी हेपाड्नाव्हिरिडी. सी हा फ्लॅव्हिव्हिरिडी, म्हणजे डेंग्यूच्या कुटुंबातला. ई हेपेव्हिरिडी. आणि डी तर स्वतःचं कवचही नीट बनवू शकत नाही, त्याला बाहेरचं आवरण बीकडून उसनं लागतं, त्यामुळे बी असल्याशिवाय डी पसरत नाही आणि बीची लस घेतली की डीपासूनही संरक्षण मिळतं. नावं अशी का, तर ती आजारावरून दिली, यकृत सुजलं की हिपॅटायटिस, आणि मग सापडतील तशी अक्षरं.

तसंच डेंग्यू आणि चिकुनगुनियाचं, दोन्ही त्याच एडीस डासातून येतात, ताप आणि अंगदुखीही सारखी, पण चिकुनगुनिया टोगाव्हिरिडीतला, वेगळं घर. डास एक म्हणून व्हायरस एक असं नसतं.

१०. एकाच व्हायरसला तीन तीन नावं का?

कारण तीन वेगळ्या गोष्टींची ती नावं आहेत. कोविड-१९ हे आजाराचं नाव, ते जागतिक आरोग्य संघटनेने दिलं. सार्स-कोव्ह-२ हे व्हायरसचं नाव, आयसीटीव्हीच्या गटाने दिलेलं, दोन्ही ११ फेब्रुवारी २०२० लाच जाहीर झाली. आणि स्पीशीजचं नाव आता 'बीटाकोरोनाव्हायरस पँडेमिकम', ज्यात २००३ चा सार्सचा व्हायरसही बसतो. दोन शब्दांची ही पद्धत प्राणी-वनस्पतींसारखी आहे आणि ती व्हायरसला अलीकडेच लागू झाली, त्यामुळे गोवरचा 'मॉर्बिलिव्हायरस होमिनिस', इबोलाचा 'ऑर्थोइबोलाव्हायरस झैरेन्से' अशी नावं दिसली तर घाबरू नका, व्हायरस जुनाच आहे. रोजच्या बोलण्यात जुनं नाव चालतं.

११. स्ट्रेन, व्हेरियंट, सिरोटाइप यात फरक काय? आणि डेल्टा व्हेरियंट म्हणजे डेल्टाकोरोनाव्हायरस का?

दुसरं आधी: नाही. डेल्टा व्हेरियंट हा बीटाकोरोनाव्हायरसच आहे, डेल्टाकोरोनाव्हायरस ही वेगळी जीनस, ती मुख्यतः पक्ष्यांत आणि डुकरांत असते. ग्रीक अक्षरं दोन वेगळ्या लोकांनी दोन वेगळ्या कामांना वापरली, आपण मधल्या मध्ये अडकलो.

व्हेरियंट म्हणजे ज्याच्या जीनोममध्ये काही बदल झालेत असा. स्ट्रेन हा शब्द लोक सैल वापरतात, पण वागण्यात ठळक वेगळेपण टिकून असेल तर स्ट्रेन म्हणणं बरं. सिरोटाइप मात्र पक्की गोष्ट, एकाविरुद्धच्या अँटिबॉडी दुसऱ्याला नीट अडवत नाहीत तेव्हा ते वेगळे सिरोटाइप. डेंग्यूचे चार आहेत, एक होऊन गेला तरी बाकीचे होऊ शकतात, आणि दुसऱ्यांदा वेगळा झाला तर अर्धवट जुळणाऱ्या जुन्या अँटिबॉडी कधी कधी व्हायरसला पेशीत शिरायला मदतच करतात, म्हणून दुसरा डेंग्यू जास्त गंभीर होण्याची भीती असते. आयसीटीव्ही स्पीशीजच्या खाली नावं देत नाही, त्यामुळे तिथे हे तिन्ही शब्द शोधू नका.

१२. फ्लूची लस दरवर्षी बदलते, गोवरची का नाही? दोघेही आरएनए व्हायरसच ना?

छान प्रश्न. आरएनएची नक्कल करणारं मशीन बहुतेक व्हायरसमध्ये चुका तपासत नाही, त्यामुळे म्युटेशन दोघांतही होतात. फरक असा की फ्लूचं बाहेरचं प्रोटीन बदल पचवतं, थोडा आकार बदलला तरी काम चालतं, गोवरच्या प्रोटीनला तेवढी मोकळीक नाही, बदललं की चिकटायचंच बंद. म्हणून १९५४ मध्ये वेगळ्या केलेल्या व्हायरसपासून बनलेली गोवरची लस आजही चालते. म्हणजे म्युटेशन होणं वेगळं आणि ते परवडणं वेगळं.

फ्लूकडे शिवाय अजून एक डाव आहे. त्याचा जीनोम आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले की तुकड्यांची सरमिसळ होऊन भलताच नवा तयार होतो, १९५७, १९६८ आणि २००९ च्या साथी अशा सरमिसळीतून आल्या. कोरोनाचा मामला उलटा, त्याचा जीनोम जवळजवळ ३०,००० अक्षरांचा (डीएनए-आरएनएच्या साखळीतली एकेक कडी म्हणजे एक अक्षर), आरएनए व्हायरससाठी अवाढव्य, म्हणून त्याच्याकडे चुका तपासणारं एक एन्झाइम असतं. तरी व्हेरियंट आलेच, कारण लागण झालेले लोकच अफाट होते.

१३. कांजिण्या लहानपणी होऊन गेल्या, मग म्हातारपणी नागीण कुठून आली?

तोच व्हायरस, कुठे गेलाच नव्हता. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन बसतो, कण बनवत नाही, नुसता डीएनए पडून असतो, त्यामुळे प्रतिकारशक्तीला तो दिसत नाही. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती उतरली की उठतो आणि त्या एका नसेच्या पट्ट्यात फोड येतात. सगळ्या हर्पिस घराण्याची ही सवय. एचआयव्हीचं लपणं वेगळं, तो आपल्या डीएनएत शिवलेला असतो (प्रश्न ६, सहावा गट), म्हणून औषधांनी दबतो पण निघत नाही.

१४. हिपॅटायटिस बी डीएनए व्हायरस आहे, मग त्याला उलटं छापणाऱ्यांबरोबर का बसवतात?

कारण तो मध्ये आरएनए होऊन येतो. त्याच्या कणात डीएनए असतो, जेमतेम ३,२०० अक्षरांचा आणि त्यातही एक धागा अर्धवट. पेशीत तो पूर्ण होतो, त्यावरून लांब आरएनए निघतो, तो आरएनए नव्या कवचात भरला जातो आणि तिथे आत बसून त्याचा परत डीएनए होतो. एचआयव्हीचंच चक्र, फक्त पेशीतून उतरायचं स्टेशन वेगळं: एचआयव्ही आरएनए असतानाच उतरतो, हा डीएनए झाल्यावर उतरतो. नात्यानेही दोघं एकाच क्लासमध्ये आहेत, रेव्हट्राव्हिरिसेटीस. 'डीएनए व्हायरस' आणि 'आरएनए व्हायरस' असे दोनच डबे करणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

असेच अजून दोन नाठाळ: देवीचा डीएनए व्हायरस असून केंद्रकात न जाता बाहेरच्या पेशीद्रवातच वाढायचा, आणि फ्लू आरएनए असून केंद्रकात जातो.

१५. व्हायरसलाही व्हायरस होतो हे खरं का?

जवळजवळ. १९९२ मध्ये एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमीबात काहीतरी सापडलं, आकार बघून लोकांनी बॅक्टेरियाच समजलं, २००३ मध्ये कळलं की व्हायरस आहे, नाव मिमिव्हायरस, जीनोम सुमारे १२ लाख अक्षरांचा. पुढे २०१३ मध्ये पँडोराव्हायरस आला, तो तर २५ लाखांपर्यंत. २००८ मध्ये अशाच एका जायंट व्हायरसच्या कारखान्यात स्पुटनिक नावाचा छोटा व्हायरस सापडला, जो मोठ्याची यंत्रणा वापरतो आणि मोठ्याचे कण बिघडवतो. अशांना व्हायरोफाज म्हणतात. यजमान पेशी अमीबाचीच, पण त्रास व्हायरसला.

१६. व्हायरसपेक्षा लहान काही असतं का? प्रिऑन व्हायरसच ना?

प्रिऑन व्हायरस नाही, त्यात जीनोमच नाही, ते चुकीची घडी पडलेलं प्रोटीन, जे शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही तशीच घडी पाडतं. व्हायरॉइड मात्र नुसता आरएनए, कवच नाही, एकही प्रोटीन बनवत नाही, तरी झाड आजारी पाडतो. १९७१ मध्ये डीनरने बटाट्यातला पहिला ओळखला, त्याचा अख्खा जीनोम ३५९ अक्षरं. वर्गीकरणाच्या यादीत व्हायरॉइडना जागा आहे, प्रिऑनना नाही.

१७. साबणाने व्हायरस मरतो मग सॅनिटायझरने नोरोव्हायरस का नाही?

चरबीचं आवरण असेल (फ्लू, कोरोना) तर साबण आणि अल्कोहोल दोन्ही ते फाडतात. नोरोव्हायरस, पोलिओ, हिपॅटायटिस ए यांना आवरणच नाही, नुसतं घट्ट प्रोटीनचं कवच, तिथे अल्कोहोल कमी पडतं. साबणाने हात धुताना ते पाण्याबरोबर वाहून जातात, म्हणून तिथे धुणंच. अँटिबायोटिक का चालत नाही हेही इथेच सांगते, ती औषधं बॅक्टेरियाची भिंत, बॅक्टेरियाचा रायबोसोम वगैरे गाठतात, व्हायरसकडे यातलं काही नाही.

१८. जुन्या पुस्तकात मायोव्हिरिडी, सायफोव्हिरिडी आहे, नवीन यादीत सापडत नाही. माझं पुस्तक चुकीचं का?

छापलं तेव्हा बरोबर होतं. बॅक्टेरियाचे शेपटीवाले व्हायरस पूर्वी शेपटीवरून वाटलेले, लांब वाकडी शेपटी, आखडणारी, आखूड अशा तीन फॅमिली. जीनोम वाचल्यावर कळलं की सारखी शेपटी म्हणजे जवळचं नातं नव्हे, म्हणून २०२२ मध्ये तिन्ही फॅमिली रद्द झाल्या आणि सगळे कॉडोव्हिरिसेटीस या क्लासखाली नव्याने मांडले. वर्णन करताना 'मायोव्हायरस' म्हटलं तरी चालतं, फक्त ती फॅमिली म्हणून लिहू नका.

१९. आपल्या स्वतःच्या डीएनएमध्ये व्हायरस आहेत म्हणतात, खरं का?

हो, साधारण ८ टक्के. कधीकाळी रेट्रोव्हायरस बीजपेशींत शिवले गेले आणि पिढ्यानपिढ्या उतरत आले, बहुतेक आता मोडलेले आहेत. काही कामाला लागले, सिन्सिटिन हे प्रोटीन मूळ व्हायरसचं, पेशींना पेशी जोडायला वापरलं जाणारं, ते आता गर्भाची वार (प्लॅसेंटा) तयार होताना पेशी एकत्र जोडतं. आणि हे फक्त इतिहासात होऊन गेलं असंही नाही, कोआलांमध्ये एक रेट्रोव्हायरस आत्ता जीनोममध्ये शिरतोय, काही कोआलांना तो जन्मतः मिळालेला असतो आणि काहींना अजून बाहेरून लागण होते.